उपनगरं हातची गेली : टोरंटोतल्या या चुका टाळा

जॉर्ज स्मिदरमन कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताचे उपमुख्यमंत्री होते, आरोग्यखातंही त्यांनी सांभाळलेलं. टोरंटोच्या महापौरपदासाठी ते उभे राहिले तेव्हा बाजी त्यांचीच, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. २५ ऑक्टोबर २०१० ला मतं मोजली तर नगरसेवक रॉब फोर्ड ४७ टक्के आणि स्मिदरमन ३५.६. जुन्या शहराने स्मिदरमनना साथ दिली. एटोबिको, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो ही उपनगरं फोर्डकडे गेली.

शहराची निवडणूक लढवताना सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे मध्यवस्तीलाच शहर समजणं. १९९८ मध्ये प्रांत सरकारने लोकांचा विरोध डावलून सहा नगरपालिकांची एक महापालिका केली. कारभार एक झाला, पण कर आम्ही भरायचा आणि सोयी डाउनटाउनला, ही उपनगरांची सल तशीच राहिली. शेपर्डची भुयारी रेल्वे पाहा. २००२ मध्ये सुरू झाली ती पाच स्थानकांची, आणि डॉन मिल्सला संपते. स्कारबरोच्या माणसाने तिथे उतरायचं, थंडीत बसची वाट पाहायची. फोर्ड ‘तुमच्यापर्यंत भुयारी रेल्वे आणतो’ म्हणाले. पैसा कुठून येणार याचं धड उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण त्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाशी ते बोलत होते. तुमची योजना कागदावर कितीही सरस असो, आधी त्या बसने जाऊन या.

दुसरी चूक, छोट्या कराला छोटा समजणं. तेव्हा महापालिका गाडीच्या नोंदणीवर वर्षाला ६० डॉलर कर घ्यायची. मेट्रोजवळ राहणाऱ्याला त्याचं काही नाही. ज्याला दूध आणायलाही गाडी काढावी लागते त्याला तो दंडच वाटतो. त्यात स्मिदरमन यांच्या जुन्या खात्यातल्या ई-हेल्थ या डिजिटल आरोग्यनोंदींच्या प्रकल्पावरच्या उधळपट्टीचं प्रकरण ताजं होतं. काटकसरीवर ते बोलले तरी ऐकणार कोण?

शेवटी शेवटी त्यांचा प्रचार ‘फोर्डना रोखायचं तर मला मत द्या’ इथवर आला. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. अशाने फोर्डकडे वळलेल्या मतदारालाच तुम्ही चुकीचं ठरवता, आणि ज्याला चुकीचं ठरवलं तो तुमचं का ऐकेल?

फोर्ड २००० पासून नगरसेवक होते. लोकांचे फोन ते स्वतः उलट करायचे, तक्रार असेल तर दारात जाऊन उभे राहायचे, तेही दुसऱ्याच्या वॉर्डात. त्यांची पुढची कारकीर्द वादांनी गाजली, तरी दहा वर्षांची ही ओळख खरी होती. ती दहा महिन्यांच्या प्रचारात खोडता येत नाही. म्हणून उमेदवारी जाहीर व्हायच्या आधीच उपनगरांत कार्यालय थाटा, आणि फोन उमेदवारानेच उचलावा.

फोर्ड निवडून आल्यावर डिसेंबरमध्ये तो ६० डॉलरचा कर रद्द झाला. बाजूने हात वर करणाऱ्यांत फोर्ड यांचे विरोधक नगरसेवकही होते.