तंत्रज्ञानाचे शब्द मराठीत कसे लिहावेत

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांचे माहितीपत्रक असो, पंचवटीतल्या गृहनिर्माण संस्थेची सूचना असो की सिंहस्थाच्या यात्रेकरूंसाठी लावायचा फलक असो, ॲप, लिंक, ओटीपी या शब्दांवाचून आता मजकूर पुरा होत नाही. हे शब्द आपण रोज वापरतो, तर ते नीट लिहिणे हेही आपलेच काम आहे.

सुरुवात ‘ॲ’पासून करावी, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, स्वतंत्रपणे आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही त्याला स्थान आहे. तरीही अनेक जण आधी ‘अ’ आणि मग त्यावर चंद्र असे दोन तुकडे जोडतात, तर काही जण हिंदी कळफलकावरचे ‘ऍ’ घेतात. स्वतंत्र अक्षर आणि जोडलेले तुकडे ही पहिली दोन रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणक सहसा त्यांना वेगळे धरतो. त्यामुळे ‘ॲप’ शोधणाऱ्याला ‘अॅप’ असलेली ओळ सापडेलच असे नाही. मजकूर पुरा झाला की शोधा-बदला या सोयीने सगळीकडे एकच ‘ॲ’ करून घ्यावा.

ऱ्हस्व-दीर्घाचा वाद ‘मोबाइल’ आणि ‘ऑनलाइन’ या शब्दांवर येऊन थांबतो. ‘मोबाईल’ लिहिणारे मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या नियमांकडे बोट दाखवतात: वकील, गरीब या शब्दांप्रमाणे अकारान्त शब्दाचे उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर दीर्घ हवे. परंतु तोच नियम सरसकट लावला तर ‘क्लिक’चे ‘क्लीक’ आणि ‘पिन’चे ‘पीन’ करावे लागेल, आणि ते कोणालाच पटणार नाही. म्हणून या शब्दांत उच्चार प्रमाण मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे: मोबाइल, वेबसाइट, डाउनलोड ऱ्हस्व, स्क्रीन, मशीन दीर्घ. शब्दाच्या शेवटी मात्र मराठीची रीत पाळून बॅटरी, मेमरी, मेनू असे दीर्घच लिहावे. ‘फाइल’चे अनेकवचन ‘फायली’ होते. ते खुशाल वापरावे.

संयोगचिन्ह जपून वापरावे. ‘ई-मेल’, ‘ई-नाम’, ‘ई-पीक पाहणी’ यांत ‘ई’ हे सुटे आद्याक्षर असल्याने चिन्ह हवे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नये. ‘वाय-फाय’लाही ते शोभते; ‘ब्लूटूथ’, ‘पासवर्ड’ मात्र सलग लिहावेत. ओळीच्या शेवटी एकटा ‘ई’ लटकू नये म्हणून वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्टसह हायफनची कळ दाबावी, म्हणजे शब्द तुटत नाही.

लासलगावच्या शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात ‘ई - पीक पहाणी अॅप डाऊनलोड करून ओ.टी.पी. टाकावा’ असे लिहिलेले असेल, तर ते ‘ई-पीक पाहणी ॲप डाउनलोड करून ओटीपी टाकावा’ असे करावे. आद्याक्षरांत टिंबे नकोत. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययेही चिन्हाविना थेट जोडावीत: ओटीपीने, पीडीएफमध्ये, यूपीआयवरून.