आईबाबांकडे आया लावली आहे? सोलापूरला जाल तेव्हा काय काय बघाल

पुण्याहून, हैदराबादहून सोलापूरला घरी जाणाऱ्यांच्या मागे हल्ली एक जास्तीचं काम असतं. आईबाबांसाठी लावलेली आया, मावशी किंवा ब्रदर (पुरुष सेवक) नीट बघतात की नाही, ते पाहायचं. बहुतेकांचं पाहणं म्हणजे खोली झाडलेली आहे, चादर धुतलेली आहे, मावशी गोड बोलतात, झालं. तुम्ही येणार हे चार दिवस आधीपासून साऱ्या गल्लीला ठाऊक, मग खोली झाडलेली असणारच. खरी सेवा दिसते ती रात्री आणि पेशंटच्या अंगावर. म्हणून पहिली तयारी तिकिटाची: सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत असा बेत करू नका, मुक्काम करा. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री पोचलात तर उत्तमच, रात्रपाळी आपोआप बघायला मिळते.

निघण्याआधी, आया पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करून तिचे कागद मागवा. ॲप्रन घातलेल्या प्रत्येकीला आपण ‘सिस्टर’ म्हणतो, पण आया वेगळी आणि एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली नर्स वेगळी. अंघोळ, डायपर, भरवणं, फिरवणं यासाठी अनुभवी आया पुरते. इंजेक्शन, नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असलेलीच व्यक्ती हवी. नोंदणीची मुदत उलटून गेलेली नाही ना, हेही बघा. आधार, पोलीस पडताळणीचा कागद आणि मावशी रजेवर गेल्या तर बदली कोण येणार, हे लिहून घ्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत किंवा लग्नसराईत ‘उद्या येत नाही’ असा निरोप आला की घरात कोण धावपळ करतं, ते वहिनींना विचारा.

भाषेचं विसरू नका. साखर पेठेतल्या किंवा अशोक चौकाकडच्या पद्मशाली घरातले आजोबा आयुष्यभर उत्तम मराठी बोलले असतील, पण पक्षाघातानंतर किंवा विस्मरण वाढलं की तेलुगूच ओठावर येते. होटगी रोडच्या आजींची कन्नडही तशीच. दुखतंय, तहान लागलीय, लघवीला जायचंय, एवढं तरी समजणारी मावशी हवी. नसेल तर ती वाक्यं कागदावर देवनागरीत लिहून पलंगाजवळ चिकटवा.

घरी पोचल्यावर चहा झाला की अंघोळीच्या किंवा डायपर बदलायच्या वेळी थांबा. अर्थात बाबांना विचारून, दार लावून. त्यांची लाज आपणच राखायची. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर आणि कानामागचा भाग टॉर्चने बघा. लाल डागावर बोट दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडला नाही तर बेडसोअरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का ते पाहा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. वहीत तशी नोंद आहे का बघा, पण सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर मला त्या वहीचा भरवसा वाटत नाही. रात्री दोनला उठून पाणी प्यायला जा आणि येताना खोलीत डोकावा. आपली जाड सोलापुरी चादर पांघरायला ठीक, अंगाखाली तिच्या चुण्या नकोत.

नळीवाटे अन्न देताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच हवी, आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच राहायला हवी. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली असावी, पण जमिनीला टेकू नये. ऑक्सिजनचं मशीन असेल तर वीज गेल्यावर काय करायचं, सिलिंडर भरलेला आहे का, देवघरातली समई आणि उदबत्ती किती जवळ आहे, हे मावशींना करून दाखवायला सांगा.

औषधांच्या पाकिटावर तारीख बघून गोळ्या मोजा, हिशोब लागतो की नाही ते लगेच कळतं. सगळ्यात धोक्याची जागा इन्सुलिनची. बाटली 40 युनिटची (म्हणजे एका मिलीमध्ये 40 युनिट) असेल तर सिरिंजही 40 चीच, लाल टोपीची. 100 ची सिरिंज नारिंगी टोपीची असते. 100 युनिटचं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरलं तर डोस अडीचपट जातो. उघडलेल्या बाटलीवर तारीख घाला, बहुतेक इन्सुलिन त्यानंतर 28 दिवसच वापरायचं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा ती कपाटात ठेवून चालणार नाही. फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. याच दिवसांत लघवी गडद पिवळी होतेय का, कूलरचं पाणी बदलतात का, तेही बघा.

आणि पाण्याचा दिवस! नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे पाणी आलं की सगळं घर हंडे, टाकी, मोटर यांच्या मागे. त्या गडबडीत मावशींनाच हौदावर उभं केलं जातं आणि पेशंट एकटा. ही चूक मावशींची नाही, घराची. त्या वेळी पलंगाशी कोण बसणार, ते ठरवून टाका.

शेवटी मावशींशी एकट्याने, निवांत बोला. चोवीस तासांची ड्युटी असेल तर झोपता कधी, जेवता कुठे, ब्युरो हातात किती देतो? सलग रात्री जागलेल्या बाईकडून पलंगावरून पडणारा म्हातारा धरला जाणार नाही, मग ती कितीही प्रेमळ असो. बाबांना मात्र मावशी खोलीत नसताना विचारा, आणि अंगावर कुठे काळनिळं दिसलं तर कसं झालं ते दोघांनाही वेगवेगळं विचारा. कॅमेरा लावणार असाल तर मावशींना सांगून लावा, कपडे बदलायच्या जागी अजिबात नको.

निघताना दारामागे मोठ्या अक्षरांत 108, डॉक्टरांचा आणि शेजारच्या काकांचा नंबर लावा. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 बाबांच्या फोनमध्येही भरून द्या. ब्युरोला पैसे पावती घेऊनच द्या; सेवेत खोट निघाली आणि ब्युरो ऐकेना, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तीच पावती लागते.