स्नायूक्षयाच्या शंकेत रक्तातील प्रथिनांचा अहवाल कसा वाचावा

मूल उशिरा चालू लागले, जिना चढताना कठडा धरू लागले किंवा जमिनीवरून उठताना हात आधी गुडघ्यांवर व मग मांड्यांवर टेकवत उभे राहू लागले, तर डॉक्टर बहुधा सर्वप्रथम रक्तातील क्रिएटिन कायनेज, म्हणजेच सीके किंवा सीपीके, तपासायला सांगतात. आनुवंशिक स्नायूक्षयाशी या प्रथिनाचा संबंध जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये दाखवला आणि आजही शोधाची सुरुवात तिथूनच होते.

अहवाल हाती घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: सीकेचा आकडा स्नायूंतून किती गळती होते आहे हे सांगतो, स्नायूंत ताकद किती उरली आहे हे सांगत नाही. डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्नायूतंतूच्या आवरणाला आतून आधार देते. ड्यूशेन या मुलग्यांत दिसणाऱ्या गंभीर आनुवंशिक स्नायूक्षयात ते जवळजवळ नसतेच, त्यामुळे आकुंचनाच्या ताणाने आवरण फाटत राहते आणि आतील सीके रक्तात उतरते. निरोगी व्यक्तीत दर लिटरला साधारण 200 युनिटांच्या आसपास असणारा हा आकडा ड्यूशेनच्या लहान मुलात 10,000 ते 20,000 किंवा त्याहूनही वर जातो, आणि तो जन्मापासूनच वाढलेला असतो. पुढे वय वाढते तसा तो उतरतो. मात्र ही सुधारणा नव्हे, कारण स्नायूंची जागा चरबी आणि तंतुमय ऊतक घेत गेल्यामुळे गळायला स्नायूच कमी उरलेला असतो. पालकांना हे आधीच नीट समजावून सांगितले गेले पाहिजे, असे मला फार वाटते.

आकडा किंचित किंवा मध्यम वाढलेला असेल, तर घाबरण्याआधी चौकशी करावी. जोरदार व्यायाम, पडणे, स्नायूत घेतलेले इंजेक्शन, आकडी येणे किंवा कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनसारखी औषधे यांनीही सीके वाढते. म्हणून काही दिवस श्रम टाळून तपासणी पुन्हा करावी. उलट, सीके सामान्य आले म्हणून स्नायूक्षय नाहीच असेही समजू नये. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत, म्हणजे आकुंचन पावलेले स्नायू लवकर सैल न होणाऱ्या प्रकारात, किंवा चेहरा आणि खांद्यांपासून सुरू होणाऱ्या प्रकारात ते सामान्य किंवा थोडेसेच वाढलेले असू शकते. वाहक असलेल्या, म्हणजे सदोष जनुक अंगी असून तो मुलांना देऊ शकणाऱ्या, अनेक स्त्रियांतही ते सामान्य असते, त्यामुळे आई किंवा बहीण वाहक आहे की नाही याचा निर्णय केवळ सीकेवर सोडू नये.

सर्वाधिक घोटाळा यकृताच्या तपासणीत होतो. समजा, यकृताच्या तपासणीतील एसजीपीटी 300 आणि एसजीओटी 250 असे वाढलेले आहे, पण त्याच तपासणीतील गॅमा जीटी आणि बिलिरुबिन, जे स्नायूंच्या गळतीने वाढत नाहीत, अगदी सामान्य आहेत. एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन्ही एन्झाइमे स्नायूंतही असतात, म्हणून अशा अहवालावर यकृताच्या बायोप्सीकडे, म्हणजे तुकडा काढून तपासण्याकडे, वळण्याआधी सीके मागून घ्यावे. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या, स्नायूंत तयार होणाऱ्या क्रिएटिनिनच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते: स्नायूच कमी असल्याने ते मुळातच कमी असते आणि मूत्रपिंडाचा बिघाड झाकला जातो, तिथे स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले सिस्टॅटिन सी हे प्रथिन अधिक विश्वसनीय ठरते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे पाहण्यासाठी सीके-एमबी (सीकेचा एक प्रकार) किंवा ट्रोपोनिन टी या प्रथिनांपेक्षा ट्रोपोनिन आय पाहावे, कारण पहिली दोन हाडांना जोडलेल्या रोगग्रस्त स्नायूंमुळेही वाढतात.

रक्तातील इतरही अनेक प्रथिनांचा, उदाहरणार्थ मायोमेसिन 3, कार्बोनिक अनहायड्रेज 3 आणि मायोस्टॅटिन यांचा, रोगाची वाटचाल आणि औषधाचा परिणाम मोजण्यासाठी अभ्यास सुरू आहे, पण निदानासाठी त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही.

निदान ठरते ते जनुकीय तपासणीने. ड्यूशेनमध्ये प्रथम एमएलपीए ही जनुकाचे भाग कमी-जास्त आहेत का ते मोजणारी चाचणी केली जाते, कारण बहुतेक रुग्णांत डिस्ट्रोफिनच्या जनुकाचा काही भाग गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो. त्यात काही सापडले नाही, तर जनुकाचे पूर्ण वाचन करावे लागते. एमएलपीएचा अहवाल निर्दोष आला म्हणून शोध तिथेच थांबवू नये.

या काळात दुसऱ्या एखाद्या कारणासाठी शस्त्रक्रिया ठरली, तर वाढलेल्या सीकेचा अहवाल भूलतज्ज्ञांना आधीच दाखवावा. निदान अजून झालेले नसले, तरी सक्सिनिलकोलीन हे भूल देताना स्नायू सैल करणारे औषध अशा मुलांत टाळावे लागते, कारण त्याने रक्तातील पोटॅशियम अचानक वाढून हृदय बंद पडू शकते.