हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनची देखभाल : या चुका टाळा

गवत कापण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, छोटे जनित्र, साखळी-करवत यांसारख्या यंत्रांना फिरवणारे एका सिलिंडरचे इंजिन रचनेने इतके साधे असते, की ते खोलायला विशेष तयारी लागत नाही असा समज सहज होतो. हा समज सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु याच साधेपणामुळे हाताला लागेल त्या पान्याने काम सुरू केले जाते, मूळ किरकोळ दोष तसाच राहतो आणि त्याच्या जोडीला एक नवा, अधिक खर्चिक दोष येऊन बसतो. पुढे दिलेल्या बहुतेक चुका तपासण्याआधी खोलण्याच्या सवयीतून होतात.

पहिला संशय कार्ब्युरेटरवर घेणे

इंजिन सुरू झाले नाही, की बहुतेकांचे हात कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीकडे जातात. प्रत्यक्षात दोरी पाच-सहा वेळा ओढून स्पार्क प्लग काढून पाहिला, तर अर्ध्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. तो ओला असेल तर पेट्रोल येत आहे, परंतु ठिणगी किंवा दाब यांपैकी काहीतरी कमी पडत आहे. प्लगच्या भोकातून पेट्रोलचे चार-सहा थेंब सोडून प्लग पुन्हा बसवल्यावर इंजिन दोन-तीन सेकंद चालून बंद पडले, तर ठिणगी आणि दाब ठीक असून दोष इंधनाच्या वाटेवर आहे असे खात्रीने म्हणता येते. त्यानंतरही आधी टाकीचे झाकण, तोटीतील जाळी आणि नळी पाहावी. झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल खाली उतरणे थांबते आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून गपकन बंद पडते. अशा वेळी झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर कार्ब्युरेटर खोलण्याचे कारणच उरत नाही.

कार्ब्युरेटर खोलावाच लागला, तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागात, तार घालण्याचा मोह आवरावा. जेटचे छिद्र मिलिमीटरच्या अंशात मोजून पाडलेले असते आणि पोलादी तारेने पडलेला ओरखडाही त्यातून जाणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण बदलू शकतो. बराच काळ साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर द्रावकात भिजवून आणि हवेच्या झोताने निघतो. मात्र झोत मारण्यापूर्वी रबरी पडदे, सील आणि तरंगा (वाटीतील पेट्रोलची पातळी राखणारा भाग) काढून ठेवावेत, कारण पडदा फाटतो आणि तीव्र द्रावकात रबर फुगते. जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरचे चौफुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स पेचकसाने काढताना घसरतात आणि त्यांची डोकी खराब होतात, हा अनुभव अनेकांना असेल. त्या स्क्रूंची खाच जपानी मानकाची, म्हणजे जेआयएस प्रकारची असते. त्यासाठी वेगळा पेचकस मिळतो आणि माझ्या मते पेटीतील सर्वांत स्वस्तात सर्वाधिक त्रास वाचवणारे अवजार तेच आहे.

ठिणगी दिसली म्हणजे ती पुरेशी आहे असे मानणे

प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवून दोरी ओढली आणि ठिणगी दिसली, की प्रज्वलन ठीक आहे असा निष्कर्ष काढला जातो. उघड्या हवेत ०.७ मिलिमीटरची फट ओलांडणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली तीच फट ओलांडेलच असे नाही, कारण दाब वाढला की त्यासाठी लागणारे व्होल्टेजही वाढते. म्हणून अधिक रुंद फट असलेला ठिणगी-परीक्षक वापरणे योग्य ठरते. ही तपासणी प्लगच्या उघड्या भोकापासून दूर करावी. तिथून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते.

उलट चूकही तितकीच होते. ठिणगी दिसली नाही, की कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) गेली असे ठरवून नवी आणली जाते आणि तिनेही काही फरक पडत नाही. कॉइलला जोडलेली बंद करण्याच्या स्विचची तार कुठेतरी घासून इंजिनच्या धातूला टेकली असेल, किंवा तेल कमी झाल्यावर इंजिन थांबवणारा स्विच अडकला असेल, तर निर्दोष कॉइलही ठिणगी देणार नाही. ती तार कॉइलपासून सोडवून एकदा तपासणी केली, तर दोष कॉइलमध्ये आहे की तारेत हे मिनिटभरात कळते. कॉइल पुन्हा बसवताना तिच्या आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) चुंबकामधील फट अंदाजाने ठेवू नये. अनेक इंजिनांत ती ०.२५ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, तरी नेमका आकडा त्या इंजिनच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. इथे पोलादी फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) चुंबकाला चिकटते आणि हाताला फसवे माप देते. पितळी गेज किंवा योग्य जाडीचा प्लॅस्टिकचा तुकडा वापरावा.

फ्लायव्हीलवर हातोडा चालवणे

या एका कामात जितके नुकसान होते, तितके बाकी सगळ्या कामांत मिळून होत नसावे. फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असते. त्याला धरून ठेवण्याचे काम तो निमुळता भाग आणि नटाचा ताण करतात. मधली छोटी चावी (दोघांच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा) फक्त त्याची जागा निश्चित करते. ही गोष्ट लक्षात न घेतल्याने दोन चुका घडतात. एक म्हणजे जोड सरकू नये म्हणून मूळ मऊ धातूच्या चावीऐवजी पोलादाची चावी घडवून बसवणे, ज्यामुळे पुढचा धक्का चावीऐवजी क्रँकशाफ्टला सोसावा लागतो. दुसरी म्हणजे निमुळत्या भागाला ‘पुढच्या वेळी सहज निघावे’ म्हणून ग्रीस लावणे. ते पृष्ठभाग कोरडे आणि तेलविरहित असले पाहिजेत, अन्यथा त्यांची पकड सुटते आणि चावी कापली जाते.

काढताना नट सैल करण्यासाठी फ्लायव्हीलच्या पंख्याच्या पात्यांमध्ये पेचकस अडकवणे ही सर्रास दिसणारी पद्धत आहे. मीही सुरुवातीच्या काळात असेच एक पाते तोडले आणि पुढे ते इंजिन असमतोलाने थरथरत राहिले. पट्ट्याचा पाना हे याचे साधे उत्तर आहे. तो नसेल तर पिस्टन दाबाच्या फेऱ्यात (हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबत) वर येत असताना, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असल्याची खात्री करून, प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी आत भरावी आणि तिच्यावर पिस्टन टेकवून नट सोडवावा. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनने एक्झॉस्टचे छिद्र पूर्ण झाकल्यावरच दोरी घालावी, नाहीतर ती त्या छिद्रात अडकून कापली जाते. पेचकस किंवा खिळा आत घालून पिस्टन अडवणाऱ्याने पिस्टनच्या डोक्याला भोक पडण्याची तयारी ठेवावी.

नट निघाल्यानंतर फ्लायव्हील सैल करण्यासाठी, त्याच्या मध्यभागी आटे पाडलेली छिद्रे असतील तर त्यांत बोल्ट लावून ओढणारा पुलर वापरावा. कडेला पकडणारा तीन नख्यांचा पुलर ॲल्युमिनियमची कड वाकवतो. क्रँकशाफ्टच्या उघड्या टोकावर थेट हातोडा मारल्यास आटे मरतातच, शिवाय त्या धक्क्याने बेअरिंगला इजा होऊ शकते.

चावी तपासताना ती पूर्ण कापली गेली आहे का एवढेच पाहणेही अपुरे आहे. २० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर फ्लायव्हील केवळ १ मिलिमीटर सरकले, तरी ठिणगीची वेळ जवळजवळ ६ अंशांनी बदलते. गवत कापताना पाते दगडावर आदळले, की क्रँकशाफ्ट जागीच थांबतो आणि जड फ्लायव्हील वेगामुळे पुढे सरकते. परिणामी ठिणगी लवकर पडू लागते आणि सुरू करताना दोरी हाताला उलटा हिसका देते. असा हिसका बसू लागल्यास इतर काही खोलण्याआधी चावी पाहावी.

दाब मोजताना आणि व्हॉल्व्ह जुळवताना होणारी फसगत

दाबमापक लावला, आकडा कमी आला, म्हणून पिस्टनच्या रिंगा बदलल्या आणि आकडा तितकाच राहिला, असे होण्यामागे एक कारण वारंवार असते. अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत दोरी हलकी जावी म्हणून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) दाब सोडणारी योजना असते आणि कमी वेगात ती एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. अशा इंजिनवर दाबमापकाचा आकडा फारसे काही सांगत नाही. तिथे गळती-मापक वापरावा: पिस्टन दाबाच्या फेऱ्याच्या शिखरावर ठेवून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि फुसफुस कुठून येते ते ऐकायचे. कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून जोराने आली तर रिंगा आणि हेडच्या कडेने आली तर गॅस्केट. हवा सोडताच क्रँकशाफ्ट फिरण्याची शक्यता असल्याने तो आधी पक्का धरावा आणि पात्याजवळ हात नेऊ नये.

हीच योजना व्हॉल्व्हची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांमधील मोकळी जागा) मोजतानाही चकवते. पिस्टन नेमक्या ज्या जागी असायला हवा तिथे नसेल, तर कॅमवरील तो लहानसा उंचवटा व्हॉल्व्हला उचलून धरतो आणि फट चुकीची मोजली जाते. काही इंजिनांत म्हणूनच पिस्टन शिखरावरून थोडा खाली उतरवून माप घेण्याची सूचना असते. होंडाच्या जीएक्स १६० या इंजिनात थंड अवस्थेत इनटेकची फट ०.१५ आणि एक्झॉस्टची ०.२० मिलिमीटर ठेवतात. गरम इंजिनवर घेतलेले माप निरुपयोगी असते. फट फार वाढली तर दाब सोडणारा उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही आणि दोरी जड लागते. फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि थंड असताना सुरू होणारे इंजिन तापल्यावर पुन्हा सुरू होण्यास नकार देते. या दुसऱ्या लक्षणासाठी लोक कॉइल बदलतात, कार्ब्युरेटर बदलतात. फीलर गेज मात्र शेवटी बाहेर निघते.

हेड पुन्हा बसवताना जुनी गॅस्केट वापरू नये आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क (पिळाचा जोर) मोजणाऱ्या पान्यानेच आवळावेत. वर उल्लेखिलेल्या इंजिनात हा टॉर्क २४ न्यूटन-मीटर इतकाच आहे. ॲल्युमिनियममधील आटे मनगटाच्या जोरापुढे टिकत नाहीत. प्लगच्या बाबतीतही हेच: तो गरम इंजिनमधून काढू नये, सुरुवातीचे आटे हातानेच बसवावेत आणि टेकल्यानंतर नवा प्लग साधारण अर्धा फेरा, वापरलेला पाव फेऱ्याहून अधिक नाही, इतकाच आवळावा.

पत्र्याचे आवरण काढून इंजिन चालवणे

आवरण काढले की इंजिनला अधिक हवा लागेल, असे वरवर पाहता वाटते. घडते त्याच्या उलट. पंख्याने फेकलेली हवा सिलिंडरच्या फिनांमधून (थंड करणाऱ्या पातळ कडांमधून) नेण्याचे काम ते आवरण करते आणि ते नसेल तर हवा चहूकडे उडून जाते. तपासणीसाठीही अशा अवस्थेत इंजिन भाराखाली चालवू नये. आवरणाच्या आत फिनांमध्ये साचलेले गवत आणि तेलकट धूळ बाहेरून दिसत नाही, म्हणून निदान हंगामातून एकदा ते काढून नायलॉनच्या ब्रशने फिन मोकळ्या कराव्यात. गरम इंजिनवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे टाळावे.

एअर फिल्टरचा कागदी भाग पेट्रोलने धुऊ नये. तो हलक्या झोताने आतून बाहेर झटकावा किंवा बदलावा. स्पंजचा भाग साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलात बुडवून पिळावा. इंजिन आडवे करताना कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवली नाही, तर तेल याच फिल्टरमध्ये उतरते. तेलाची पातळी पाहताना मोजपट्टी आट्यांत फिरवायची की नुसती टेकवायची, हे इंजिनगणिक बदलते. तिथे चूक झाली की तेल जास्त भरले जाते आणि निळसर-पांढरा धूर येऊ लागतो. टू-स्ट्रोकमध्ये ५० : १ (पेट्रोल : तेल) म्हणजे लिटरला २० मिलिलिटर आणि २५ : १ म्हणजे ४० मिलिलिटर तेल, हे मिश्रण वेगळ्या डब्यात मोजून करावे.

गव्हर्नरची स्प्रिंग ताणणे

इंजिन ‘मंद’ वाटले की गव्हर्नरची (वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणून किंवा तिचा हूक वाकवून वेग वाढवण्याचा उपाय केला जातो. तो इतका सोपा असतो, की त्याचा धोका जाणवत नाही. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेल्या इंजिनची कनेक्टिंग रॉड तुटून केसला भोक पडू शकते. स्प्रिंगला हात लावण्याआधी प्लगच्या वायरीवर लावायच्या टॅकोमीटरने वेग मोजावा. दोन ध्रुवांच्या जनित्रात तर चूक थेट विजेत उमटते: ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० आणि ६० हर्ट्झसाठी ३६०० फेरे लागतात, त्यामुळे वेग वाढला की वारंवारता आणि बहुधा व्होल्टेजही वाढून जोडलेली उपकरणे जळू शकतात. कार्ब्युरेटर किंवा जोडकाम काढून पुन्हा बसवल्यानंतर गव्हर्नरचा दांडा आणि त्याची भुजा यांची जुळणी पुन्हा करावी लागते: भुजा सैल करून थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधील हवेची झडप) पूर्ण उघड्या स्थितीत धरावा, दांडा भुजा ज्या दिशेने सरकून थ्रॉटल उघडते त्याच दिशेने शेवटपर्यंत फिरवावा आणि मग नट आवळावा. दिशा उलटी झाली, तर दोरीच्या पहिल्याच ओढीला इंजिन बेफाम पळू शकते. म्हणून या जुळणीनंतर सुरू करताना एक हात बंद करण्याच्या स्विचवर असावा.