शिमग्याला कोकणात पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

सगळ्यात आधी तिकीट, कारण कोकण रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि चाकरमानी टपूनच बसलेले असतात. शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीपासून सुरू होतो, पण ग्रामदेवतेची पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत हे गावागणिक वेगळं, त्यामुळे गावात कोणालातरी फोन करून विचाराच. रत्नागिरीत तिथलं ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी बघायची तर गर्दीची तयारी ठेवा.

पालखी घरी येणार असेल तर अंगण सारवून रांगोळी, ओटीला खण, नारळ, तांदूळ. गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घातलेलं साकडं) चालू असताना गप्पा नकोत, "व्हय म्हाराजा" मात्र सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचं. पालखी नाचवायला खांदा द्यायचाय तर आधी मानकऱ्यांना विचारा, चपला काढा, आणि ढोलाचा ठेका नीट ऐका, पाय त्याच्यावरच पडले पाहिजेत नाहीतर समोरच्याच्या खांद्यावर सगळा भार जातो.

गुहागर-दापोलीकडे संकासुर, म्हणजे शिमग्यातलं एक सोंग, दिसेल, काळा अंगरखा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं घाबरतात आणि तरी त्याच्याच मागे पळतात, लय भारी असतं ते! खेळे (सोंगं घेऊन घरोघरी नाचणारी मंडळी) दारात नाचले की पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिशी, द्यायला सुटे पैसे जवळ ठेवा.