दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट उघडताच व्हर्जन कंट्रोल आडवं येतंय? या चुका टाळा

मॅन्युअलचं अख्खं फोल्डर झिप करून सहकाऱ्याला पाठवलं. त्याने ते उघडलं आणि लगेच विचारणा आली: सर्व्हर कुठला, युजरनेम काय, पासवर्ड काय. त्याला तर फक्त एक प्रकरण तपासून द्यायचं होतं. अशा वेळी बहुतेक जण कॅन्सल दाबून कामाला लागतात. मग फायली उघडतात पण सेव्ह होत नाहीत, आणि दोष टूलवर जातो.

खरं कारण असं की फोल्डर कॉपी करताना मजकुराबरोबर व्हर्जन कंट्रोलची, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलची, जोडणीही जाते. गिट या टूलमध्ये ती 'डॉट गिट' या लपलेल्या फोल्डरात असते. सबव्हर्जन या दुसऱ्या टूलमध्ये ती 'डॉट एसव्हीएन'मध्ये असते, आणि १.७ च्या आधीच्या आवृत्त्यांत तर प्रत्येक उपफोल्डरात असायची. व्हिज्युअल सोर्ससेफ या जुन्या टूलच्या काळातल्या प्रोजेक्टमध्ये 'डॉट एससीसी' फायली सापडतात, शिवाय चेक-आउट न केलेल्या, म्हणजे बदलण्यासाठी ताब्यात न घेतलेल्या, फायलींवर रीड-ओन्लीची खूण असते. सेव्ह न होण्याचं कारण बऱ्याचदा ही खूणच असते. काही टूल्स जोडणीची नोंद प्रोजेक्टच्या मुख्य फाइलमध्येही ठेवतात. तिथे लपलेल्या फायली उडवून भागत नाही, टूलच्या सोर्स कंट्रोल मेनूतून जोडणी रीतसर तोडावी लागते.

म्हणून पाठवण्याआधीच ठरवा: समोरच्याला फक्त मजकूर हवाय की तो यात रोज काम करणार आहे? फक्त मजकूर हवा असेल तर गिटची 'आर्काइव्ह' किंवा सबव्हर्जनची 'एक्सपोर्ट' कमांड जोडणीशिवायची स्वच्छ प्रत काढून देते. मात्र गिट आर्काइव्हमध्ये कमिट झालेलंच, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवलेलंच, येतं. सकाळी केलेली आणि कमिट न केलेली दुरुस्ती त्यात नसेल. रोज काम करायचं असेल तर फोल्डर पाठवूच नका. त्याने स्वतःच्या खात्याने रिपॉझिटरी क्लोन करावी, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोजेक्टची इतिहासासकट स्वतःची प्रत उतरवून घ्यावी.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वैतागून मूळ फोल्डरातलं 'डॉट गिट' डिलीट करणं. विचारणा थांबते, पण पुश न केलेले (सर्व्हरवर न पाठवलेले) कमिट, स्टॅश म्हणून बाजूला ठेवलेले अर्धवट बदल आणि फक्त त्याच मशीनवर असलेल्या शाखा कायमच्या जातात. कापाकापी करायचीच असेल तर ती कॉपीवर करा. मूळ फोल्डराला हात लावू नका.

पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरातून प्रोजेक्ट उघडलं की गिट कधीकधी 'डुबियस ओनरशिप' (मालकी संशयास्पद) म्हणत काम थांबवतं. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ आवृत्तीपासून ही तपासणी सुरू झाली. फोल्डरचा मालक दुसराच युजर असेल, तर त्यातल्या सेटिंगमधून तुमच्या मशीनवर नको ती कमांड चालू शकते, म्हणून गिट अडतं. उपाय सोपा आहे: 'सेफ डिरेक्टरी' या सेटिंगमध्ये त्या एका फोल्डरचा पत्ता घाला. तिथे नुसता स्टार टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका, त्याने सगळ्याच फोल्डरांसाठी तपासणी बंद होते.

आणखी एक घाबरवणारं दृश्य: एक अक्षरही न बदलता सगळ्या फायली 'बदललेल्या' दिसतात. डिफ (जुन्या-नव्या मजकुरातला फरक) उघडलं तर वरची ओळ काढलेली, खाली तीच ओळ नव्याने घातलेली, आणि दोन्हींत डोळ्यांना फरक शून्य. हा फरक ओळीच्या शेवटच्या अदृश्य चिन्हांचा असतो. विंडोज दोन चिन्हं वापरतं, लिनक्स आणि मॅक एकच. हे कमिट करून टाकलं की कोणती ओळ कोणी लिहिली हा इतिहास वाचण्यालायक राहत नाही, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये तो इतिहासच तर हवा असतो. त्याऐवजी प्रोजेक्टमध्ये 'डॉट गिट अ‍ॅट्रिब्यूट्स' फाइल ठेवून ओळीच्या शेवटाचा नियम एकदाच ठरवा, म्हणजे प्रत्येकाच्या मशीनवरच्या सेटिंगवर अवलंबून राहावं लागणार नाही. चित्रं त्यात बायनरी, म्हणजे मजकूर नसलेल्या फायली, म्हणून नोंदवा.

वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात गिटचं प्रोजेक्ट ठेवून ते दोन मशीनवर वापरू नका. सिंक अर्धवट असताना दुसरीकडे कमिट झालं, तर रिपॉझिटरी बिघडू शकते.

राहिला पासवर्डचा प्रश्न. गिटची प्रोजेक्ट्स ऑनलाइन ठेवणाऱ्या गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणं बंद केलं आहे. तो अचूक टाकूनही नकार येत असेल तर टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ली, तयार करा. विंडोजवर आधीच्या माणसाचं लॉगिन क्रेडेन्शियल मॅनेजर या विंडोजच्या पासवर्ड-साठ्यात साठवलेलं असू शकतं. तिथली जुनी नोंद काढली की गिट पुन्हा विचारेल. तेव्हा स्वतःच्या खात्याची माहिती द्या, सहकाऱ्याची मागून घेऊ नका, नाहीतर तुमचं काम त्याच्या खात्यातून पुश होत राहील.