स्विच-ऑननंतर या चुका टाळा

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, पहिल्यांदा चालू करतात त्याला स्विच-ऑन म्हणतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा मेसेज मला आता पाठ झालाय. ‘आवाज येतोय, पण माणसाचा वाटत नाही. बायको बोलते तर कार्टून बोलल्यासारखं वाटतं. मशीन खराब तर नाही ना?’

नाही हो, मशीन ठणठणीत आहे. निरोगी कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या केसपेशी असतात. त्यांचं काम आता १२ ते २२ इलेक्ट्रोड, म्हणजे नसेला विजेचे संकेत देणारे तारेवरचे बिंदू, करतायत. शिवाय इलेक्ट्रोडची तार शंखाच्या अगदी आतल्या टोकापर्यंत सहसा पोचत नाही आणि खर्जातले आवाज ओळखणारी जागा नेमकी तिथेच असते. म्हणून खालचा सूर वरच्या सुराच्या जागेवर जाऊन पडतो आणि धिप्पाड माणूसही किरट्या आवाजात बोलू लागतो. मेंदू हे जुळवून घेतो, पण त्याला आठवडे लागतात, महिने लागतात, आणि रोजचे पुष्कळ तास लागतात. मोठ्या वयात इम्प्लांट बसवलेल्यांच्या बहुतेक चुका हे तास वाचवायला गेल्यामुळेच होतात. मी स्वतः इम्प्लांटवर ऐकतो आणि नव्याने बसवलेल्यांशी बरीच वर्षं बोलतोय. चुका त्याच, फक्त माणसं बदलतात.

पहिल्याच संध्याकाळी चार नंबर

आमच्या ओळखीतल्या एका हिशेबनीस गृहस्थांची गोष्ट. स्विच-ऑनला त्यांना चार प्रोग्राम, म्हणजे आवाजाच्या चार पातळ्या, दिले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा चढा. सूचना साधी होती: एक नंबर अंगवळणी पडला की दोनवर जा, तो पडला की तीनवर. गृहस्थ घरी पोचेपर्यंत चारवर गेले होते. म्हणणं काय, तर शेवटी तिथेच जायचंय ना, मग मधे वेळ कशाला घालवा? घरात शिरले आणि कुणीतरी सिंकमध्ये स्टीलचा डाव टाकला. ते अक्षरशः दचकून भिंतीला टेकले. प्रोसेसर, म्हणजे कानावर लावायचा यंत्राचा बाहेरचा भाग, काढला आणि डबीत ठेवला.

त्यानंतर तो बाहेर यायचा तो संध्याकाळी, टीव्हीसमोर, तेही सबटायटल लावून. म्हणजे ऐकणं कमी आणि वाचणंच जास्त. पुढच्या मॅपिंगला, म्हणजे इलेक्ट्रोडच्या पातळ्या जुळवून घ्यायच्या भेटीला, हे तक्रार घेऊन हजर: ‘शब्द अजिबात कळत नाहीत, पॉवर वाढवा.’ या पातळ्या जुळवणाऱ्या श्रवणतज्ज्ञाने, म्हणजे ऑडिओलॉजिस्टने, विचारलं, रोज किती वेळ घालता? ‘दिवसभर.’ तिने काही न बोलता स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. आपण किती वेळ चालू होतो याची नोंद प्रोसेसर स्वतः ठेवतो. रोजची सरासरी दीड तासाच्याही खाली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेला माणूस स्वतःच्या नोंदीत सापडला.

आवाज मोठा केला की शब्द कळतील, हे श्रवणयंत्राच्या दिवसांपासून डोक्यात बसलेलं गणित आहे. इम्प्लांटवर ते चालत नाही. वरची पातळी गरजेपेक्षा चढवली की विजेचा प्रवाह आजूबाजूला जास्त पसरतो, शेजारशेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांच्या हद्दीत शिरतात आणि शब्द स्पष्ट होण्याऐवजी एकमेकांत मिसळतात. डोकं दुखतं ते वेगळंच. मग माणूस प्रोसेसर काढून ठेवतो, सवय होत नाही आणि पुन्हा ‘पॉवर वाढवा’.

माझा नियम एकच आहे. सकाळी तोंड धुतलं की प्रोसेसर कानावर, झोपायला जाताना खाली. डोकं भणभणलं तर एक प्रोग्राम खाली यायचं, शांत खोलीत जाऊन बसायचं, पण कानावरून काढायचा नाही. अगदीच सहन होईना तर अर्धा तास काढा आणि मोबाइलवर कंपनाचा गजर लावा. गजराशिवाय काढलेला प्रोसेसर त्या दिवशी परत कानावर चढल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

‘घरी एकटाच असतो, कोण बोलणार आहे?’ हेही नेहमीचंच. अहो, एकटे असता तेव्हाच तर शिकायचं. पंखा, नळ, कुलपात फिरणारी किल्ली, उलटलेलं पान. आवाज आला की उठायचं आणि तो कुठून येतो ते बघूनच बसायचं. एका बाईंना घरभर ‘चिक चिक’ ऐकू यायचं. फ्रिजवर संशय गेला, घड्याळावर गेला, उंदरावरही गेला. शेवटी त्यांच्याच सपाता निघाल्या. तो आवाज त्या आता कधी विसरणार नाहीत. डोळ्यांनी पाहून कानाशी जोडलेला आवाज असाच पक्का बसतो.

मॅपिंगच्या खुर्चीत ‘सगळं छान आहे’

ही माझी दुसरी दुखरी नस. वर्षानुवर्षं न ऐकता मान डोलवायची आपल्याला सवय लागलेली असते. समोरचा काहीतरी विचारतोय, हसून ‘हो हो’ म्हटलं की सुटका. तीच सवय घेऊन लोक ऑडिओलॉजिस्टसमोर बसतात. तिला तुमच्या डोक्यात काय वाजतंय ते ऐकू येत नाही. तुम्ही सांगाल त्यावरच ती पातळ्या हलवणार. ‘छान आहे’ ऐकून ती काय हलवेल?

खिशात छोटी वही ठेवा आणि आवाज जसा आला तसा लिहा. ‘बरं ऐकू येत नाही’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘स सगळीकडे शिट्टीसारखा येतो’, ‘पुरुषांचे आवाज पिंपातून आल्यासारखे’, ‘सात आणि साठ एकच वाटतात’, ‘दार आपटलं की त्याच बाजूचा गाल फडफडतो’ असं लिहा. शेवटचं वाक्य तर एकदा लिहून दहा वेळा सांगावं असं आहे. इम्प्लांटचा प्रवाह कधीकधी चेहऱ्याच्या नसेलाही लागतो. पातळी कमी करून किंवा तो इलेक्ट्रोड बंद करून ते बहुतेकदा थांबवता येतं. एक तरुण मुलगा कामाचा ताण समजून महिनोन्‌महिने गाल चोळत बसला होता आणि मॅपिंगला मात्र ‘छान आहे’ म्हणून येत होता.

सुरुवातीच्या महिन्यांत मॅपिंगच्या फेऱ्या जवळजवळ असतात त्यालाही कारण आहे. प्रवाह सुरू झाल्यावर इलेक्ट्रोडभोवतीचा विद्युत अवरोध बदलतो, सहन होणारी पातळीही सरकत जाते. ‘चाललंय ना, मग पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून फेरी चुकवणाऱ्यांना मी दुसऱ्यांदा सांगत नाही.

सरावाच्या नावाखाली परीक्षा

पहिल्याच आठवड्यात लग्नाच्या हॉलमध्ये जाऊन ‘काही कळलं नाही’ म्हणून खट्टू होणं म्हणजे हौसेनं नापास होणं. एका इम्प्लांटवर गोंगाटात बोलणं समजणं आणि आवाजाची दिशा कळणं, दोन्ही अवघड. बऱ्याच वर्षांच्या सवयीनंतरही अवघडच राहतं. शांत खोली, एक माणूस, ओळखीचा विषय, इथून सुरू करा. मजकूर समोर धरून तोच कुणाकडून वाचून घ्या, बोट शब्दांवरून फिरवत ऐका. मग कागद बाजूला ठेवा.

घरच्यांसाठी: ओरडू नका. आणि पाहुण्यांसमोर ‘सांग बघू मी काय म्हणालो’ हा खेळ बंद करा.

रोज सकाळी सहा आवाज तपासायची माझी जुनी सवय आहे: आ, ई, ऊ, म, श, स. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. बोलण्यातले खालच्यापासून वरच्या सुरापर्यंतचे पट्टे यात येतात. काल कळलेला ‘स’ आज गायब असेल तर काहीतरी बिघडलंय हे चहाआधीच समजतं. म्हणणाऱ्याने तोंडावर हात धरू नये, त्याने आवाजच बदलतो. तुमच्या मागे किंवा बाजूला उभं राहावं.

दुसऱ्या कानात श्रवणयंत्र असेल आणि त्यातून थोडंफार येत असेल, तर ते फेकू नका. सरावाचा वेळ फक्त इम्प्लांटवर, बाकी दिवस दोन्ही.

आवडतं गाणं पहिल्या महिन्यात लावू नका, जीव कष्टी होतो. ताल लवकर कळतो, सूर उशिरा येतात आणि काहींना नीट येतच नाहीत.

दुसऱ्याच्या गतीशी तुलना

‘अमक्याला पंधरा दिवसांत फोन कळायला लागला.’ लागला असेल. चाळिशीपर्यंत नीट ऐकून मग बहिरा झालेला माणूस आणि जन्मापासून बहिरा असलेला माणूस यांच्या हातात मशीन सारखंच असतं, पण पहिल्याच्या मेंदूत आवाजांची ओळख आधीपासून असते. दुसऱ्याला ती मोठेपणी नव्याने करायची असते. जन्मतः बहिऱ्या प्रौढांपैकी अनेकांना इम्प्लांटने दारावरची थाप, हॉर्न, पाठीमागून आलेली हाक कळते, ओठवाचनाला आधार मिळतो, पण नुसत्या ऐकण्यावर बोलणं कळेलच असं नाही. हे शस्त्रक्रियेआधी कुणीतरी तोंडावर सांगायला हवं, बऱ्याचदा ते गुळमुळीत सांगितलं जातं. आणि खुणांची भाषा येत असेल तर ‘आता कशाला’ म्हणून सोडू नका. प्रोसेसर काढला की तुम्ही आधीइतकेच, कदाचित जास्तच, बहिरे असता. अंघोळीला आणि झोपताना काय कराल?

अचानक शांतता पसरली तर

घाबरून सर्जनला फोन लावण्याआधी या क्रमाने बघा. बॅटरी बदला. कॉइल, म्हणजे डोक्याला चिकटणारी चकती, चुंबकावर नीट बसलीय का ते बघा. काढता येणारी केबल असेल तर दुसरी लावून पाहा, ती नेहमी जवळ हवीच. चुकून प्रोग्राम बदलला गेलाय का? टेलिकॉइल (माइकऐवजी चुंबकीय संकेत पकडणारी सोय) चालू झाली असेल तर माणसांचे आवाज गायब होतात आणि नुसती घरघर उरते. मग माइकचं कव्हर. ‘हल्ली शब्द पुसट होत चाललेत, मेंदू थकला असेल’ म्हणणाऱ्या एका आजोबांचं कव्हर काढलं तर केसांच्या तेलाने आणि धुळीने बुजलेलं होतं. कव्हर बदललं आणि मेंदूचा थकवा त्याच क्षणी गेला.

रात्री प्रोसेसर ओलावा शोषणाऱ्या कोरड्या डब्यात ठेवा. डिस्पोजेबल झिंक-एअर बॅटऱ्या मात्र आधी बाहेर काढा, नाहीतर त्या डब्यात सुकतात. नव्या बॅटरीचं लेबल सोलल्यावर मिनिटभर हवा लागू द्या.

कॉइलखालची कातडी लाल झाली, दुखू लागली तर चुंबक जास्त ताकदीचा आहे. ‘घट्ट बसलेला बरा’ म्हणून सहन करत बसू नका, बदलून घ्या.

एमआरआय सांगितला तर इम्प्लांट आहे हे प्रत्येकाला सांगा, रिसेप्शनवरही आणि आत मशीन चालवणाऱ्यालाही. डोक्याच्या आत चुंबक आहे. काही मॉडेलना तो तसाच चालतो, काहींना पट्टी बांधावी लागते, काहींत तो आधी काढावा लागतो. प्रोसेसर त्या खोलीत न्यायचाच नाही. मॉडेलचं नाव असलेलं कार्ड पाकिटात ठेवा, कारण त्या वेळी प्रोसेसर कानावर नसेल आणि समोरचा काय विचारतोय हे तुम्हाला ऐकू येणार नाही.